डाव्या पायाचा चाळ

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१२ एप्रिल २००४

पंढरीभावजी यांस, उर्मिलावहिनीचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी दिराला वहिनीची आठवण झाली म्हणून आधी आनंद झाला. मग वाचलं, तर आठवण माझी नव्हती, चाळाची होती. ‘बाबांचा चाळ ताबडतोब पाठवावा, गणपतीत नाचाला लागेल.’ वहिनी कशी आहे नाही, दादा कसा आहे नाही. अहो, सरकारी नोटिशीतसुद्धा खाली ‘आपला विश्वासू’ असतं.

चाळ सध्या पाठवता येणार नाही. त्याची पट्टी जीर्ण झाली होती, घुंगरं सुटायला लागली होती, म्हणून दुरुस्तीला दिला आहे. इकडे भाईंदरात स्टीलची भांडी घडवणारे पैशाला पासरी मिळतात, पण पितळेच्या घुंगराला हात लावणारा सापडता सापडत नाही. वेळ लागेल.

तुमच्या दादांना कार्ड वाचून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून ते दोन वर्षांपूर्वीचं रिंगण आहे. तुम्ही पोरांना गणपतीतल्या जाखडीत कीबोर्ड आणायला हो म्हणालात, सिनेमाची चाल वाजली, आणि हे भर नाचात खाली बसले, पायातला चाळ सोडला आणि तडक घरी आले. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत. चाळ त्यांच्या पिशवीत. मृदंग तुमच्या खुंटीला. मामंजींच्या मागे दोन भावांत वाटणी झाली ती अशी, एकाकडे हात आणि एकाकडे पाय. तुमच्या हातांनी यांचे पाय नाचायचे, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. तुम्हा दोघांनाच नाही.

शिमग्याला आलो नाही कारण गाळ्यावर यांना ओव्हरटाइम होता. तब्येत बरी आहे. जरा थकवा असतो. जेवण व्यवस्थित आहे. फक्त हल्ली ताटात चटणी वाढली नाही म्हणून माझ्याशी भांडतात. चटणी असते हो भावजी, ताटात डावीकडे, तिच्या जागेवर. ताट फिरवून दिलं की म्हणतात, आत्ता वाढलीस. वय झालं, दुसरं काय.

फोन करू नका. तुमचा फोन दुकानात, आणि दुकानात बोललेलं तुमच्या आधी देवळात पोचतं. पत्रच बरं. माझ्या जावेला, शालूला सांगा, तिनं पाठवलेले कुळीथ संपले.

आपली,
उर्मिलावहिनी


जेसल पार्क
२३ मे २००४

पंढरीभावजी,

आपल्या वाडीतल्या सदूच्या डोळ्यांना काय म्हणावं! मीरा रोडला राहणारा माणूस, रविवारी हवा खायला जेसल पार्कच्या खाडीवर येतो काय, नेमका आम्हाला बघतो काय, आणि जवळ येऊन विचारायचं सोडून तुम्हाला कळवतो काय. तुम्ही लिहिलंत, ‘दादा म्हाताऱ्यासारका चार पायांच्या काठीवर चालत होता असं सदू सांगतो, खरं काय ते लिव्ह.’

खरं आहे.

जानेवारीत, भोगीच्या सकाळी, हे गाळ्यावर निघाले होते. दारात बसून चप्पल घालत होते. डाव्या पायात चप्पल शिरेना. मी भाकरी थापत होते, मला ऐकू येत होतं, हे चपलेला शिव्या घालतायत. चप्पल पायाखाली होती आणि पाय जागचा हलत नव्हता. मग भिंतीला टेकून तसेच डावीकडे घसरले. अर्धांगाचा झटका. डावा हात, डावा पाय, दोन्ही गेले. वाचा शाबूत राहिली. ती शाबूत आहे याची खात्री मला रोज करून दिली जाते.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमच्या दादांनी माझ्याकडून शब्द घेतला. दवाखान्यातल्या खाटेवर, शुद्ध आल्याबरोबर, पहिलं वाक्य ते होतं: “गावाला कळवू नको.” वाडीत काय म्हणतात ते तुम्ही जाणता. रिंगण अर्ध्यावर सोडणाऱ्याचा पाय देव ठेवत नाही. लोक हेच म्हणतील याची त्यांना भीती होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ते स्वतःही तेच म्हणत होते. मी त्यांना सांगितलं, चाळ होता उजव्या पायात. देव रागावला असता तर उजवा नेला असता. देवाला काय डावं-उजवं कळत नाही? त्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजले.

चटणीचं कोडं शुभदानं सोडवलं. नवघर रोडला ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे ती व्यायाम करून घेते. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. ती म्हणाली, काकांचे डोळे ठीक आहेत, पण मेंदूनं डावी बाजू मनावर घ्यायचं सोडून दिलंय. म्हणून चटणी दिसत नाही, म्हणून डाव्या गालाची दाढी राहून जाते, म्हणून डावीकडून कोणी हाक मारली तर उजवीकडे बघतात. तिनं घरातलं सगळं फिरवायला लावलं, म्हणजे त्यांना डावीकडे बघावंच लागेल. आता खाटेवर ते असे निजतात की येणारा माणूस डावीकडून येतो. पाण्याचा तांब्या डावीकडे. मी डावीकडे. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, हे शेजारच्या हंसाबेनना मी हिंदीत, गुजरातीत आणि शेवटी ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी ऐकलं.

आधी चाकांची खुर्ची होती. मग दोन दांड्यांच्या मध्ये आरशासमोर उभं राहणं. मग चार पायांची काठी, उजव्या हातात, आणि डाव्या पायाला पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकची पट्टी, पाऊल लोंबू नये म्हणून. सदूला जो म्हातारा दिसला ना, तो तिथवर काय काय करून पोचला होता हे सदूला दिसलं नाही. मी रोज बघते. घामानं बनियन पिळून काढावं इतकं भिजतं, आणि पुन्हा म्हणतात, “चल, आणखी येक फेरी.” लग्नाला इतकी वर्षं झाली, रिंगणात सगळ्यांच्या पुढे नाचताना मी त्यांना पाहिलं आहे, पण आत्ता जितका अभिमान वाटतो तितका तेव्हा वाटला नव्हता.

एकच अडतं. पायात ताकद आली, पण यांचा त्या पायावर विश्वास नाही. शुभदानं दोन वजनकाटे शेजारी ठेवले आणि एकेका पायाखाली एकेक दिला. उजवीकडचा काटा पळाला, डावीकडचा जागचा हलेना. पाय कुठे पडला तेच त्यांना कळत नाही, म्हणून सारखं खाली बघतात, आणि खाली बघणारा तोल सांभाळू शकत नाही. शुभदा म्हणाली, “काका, पाय जाणवत नाही तर निदान ऐकू यायला हवा. घरी घुंगरू वगैरे आहेत का?”

आता तुमच्या लक्षात आलं असेल. चाळ दुरुस्तीला गेलेला नाही. तो धडधाकट आहे. शुभदा स्वतःच्या लग्नासाठी रजेवर गेली, त्याच संध्याकाळी तुमच्या दादांनी ट्रंक उघडायला लावली. मी चाळाला हळदकुंकू वाहिलं आणि नेहमीसारखा त्यांच्या उजव्या पायात बांधला. काय सांगू भावजी, माणूसच बदलला. पाय असा आपटतात की खालच्या मजल्यावरून कोणीतरी तक्रार करायला आलं आणि बघत उभं राहिलं. काठी ठक, चाळ छन्. मान वर, छाती पुढे. हंसाबेन टाळ्या वाजवतात. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर पडून राहणारा माणूस कुठे गेला, मला शोधून सापडत नाही.

तेव्हा चाळ मिळणार नाही. तो औषधाला लागला आहे. आणि हे पत्र वाचून फाडून टाका. गावात एक शब्द काढलात तर माझ्याशी गाठ आहे.

वहिनी


जेसल पार्क
२० जून २००४

पंढरीभावजी,

तुमचं पत्र नाही, तरी मी लिहिते आहे, कारण आता काम माझं आहे.

मागच्या पत्रातला आनंद मागे घ्या. आम्ही सगळ्यांनी मिळून मूर्खपणा केला. चाळ उजव्या पायात बांधला, कारण आपल्या वाडीत चाळ उजव्याच पायात बांधतात. पिढ्यान् पिढ्या. डाव्या पायात बांधावा हे माझ्या, त्यांच्या, बघायला येणाऱ्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. उजवा पाय वाजायला लागला, म्हणून यांनी सगळा जीव उजव्यात ओतला. उजवा जितका जोरात आपटायचे तितके लोक खूश, आणि डावा मागून नुसता फरफटत यायचा. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

गेल्या मंगळवारी इमारतीच्या दारात डावीकडून रिक्षा आली, हे वळायला गेले आणि पडले. डाव्या पायानं काहीच केलं नाही. भुवईवर खोक पडली, हाड वाचलं. रिक्षावाला बिचारा त्यांना उचलून वर घेऊन आला, “चाचा, मेरी गलती नहीं है” म्हणत. चूक त्याची नव्हतीच.

शुभदा रजेवरून परत आली. हातावरची मेंदी अजून पुसट दिसत होती. तिला मोठ्या हौसेनं चाल दाखवली. तिनं शेवटपर्यंत बघितलं, मग दोन्ही वजनकाटे आणले. डावीकडचा काटा मे महिन्यात होता त्याहूनही मागे. ती खाली त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “काका, चूक माझी. कुठल्या पायात बांधायचा ते मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगायची काय गरज.” मग तिनं स्वतःच्या हातानं चाळ सोडला आणि डाव्या पायाकडे नेला.

तुमच्या दादांनी पाय मागे घेतला. आपण होऊन, लुळा पाय, ओढून मागे घेतला. इतर वेळी आम्ही पेढे वाटले असते.

“डाव्यात नाय,” म्हणाले. तिनं समजावलं, मी समजावलं. एकच हेका. बापानं उजव्यात बांधला तो डाव्यात जायचा नाही. एकदा रिंगण मोडलं, त्याचं हे फळ मिळालं, आता रीतही मोडू? मी म्हटलं, मग काय करायचं ते तरी सांगा. तर म्हणाले, “रीत बदलायची तर गावच्या देवापुढं गाऱ्हाणं घालायला लागतं. आणि देव तिकडं, पंढरीच्या ताब्यात हाय.”

हे हसत म्हणाले नाहीत, भावजी.

शुभदानं मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं. झटक्यानंतरचे पहिले काही महिने मोलाचे असतात. याच दिवसांत शरीर एका पायावर जगायला शिकलं तर तेच अंगवळणी पडतं, मग ते मोडणं फार कठीण. आत्ता डाव्यावर वजन आलं तर काका काठी घेऊन जिने चढतील, एकटे फिरतील. नाही आलं तर खोलीतून मोरीपर्यंत, आणि तेही कुणाला तरी धरून. तुमच्या घरापर्यंतची ती पाखाडी आठवा. पायरीला पायरी जुळत नाही. एका पायाचा माणूस ती चढू शकत नाही. म्हणजे तुम्ही भांडण मिटवलंत तरी तुमचे दादा पुन्हा त्या अंगणात येणार नाहीत.

म्हणून मी शब्द मोडून मागते आहे. गावाला कळू न देता, एकट्यानं, देवळात जाऊन देवाला गाऱ्हाणं घाला. चाळ डाव्या पायात बांधायची परवानगी मागा. आणि मला दोन ओळी लिहा, म्हणजे त्या मी त्यांना दाखवीन. कीबोर्ड, सिनेमाची चाल, कोण चुकलं, सगळं मागाहून बघू. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलं नाही.

वहिनी


जेसल पार्क
१८ जुलै २००४

पंढरीनाथ धोंडू पाष्टे यांस,

महिना होत आला. उत्तर नाही.

मृदंगाला शाई भरायला वेळ मिळतो, सदूच्या चहाड्या वाचायला वेळ मिळतो, वहिनीला दोन ओळी लिहायला मिळत नाही. तुमच्या जागी दगड असता तर त्यालाही शेंदूर लावून मी नवस बोलले असते, निदान त्यानं ऐकून तरी घेतलं असतं.

इकडची खबर हवी असेल तर अशी. चाळ खिळ्याला टांगलेला आहे. तुमचे दादा रोज दवाखान्यात जातात, शुभदा सांगेल ते सगळं करतात, एक सोडून. डाव्यावर वजन टाका म्हटलं की काठीवर टाकतात. ती रागावत नाही. दुसरं काहीतरी शोधते, डाव्या पायाखाली पापड ठेवून तो मोडायला लावते, उजवा पाय पाटावर ठेवून उभं करते. एवढीशी पोरगी, तिच्या चिकाटीला मी रोज हात जोडते. पण यांचं मनच त्या पायात उतरत नाही.

परवा मी काय केलं सांगते. दुपारी चाळ खिळ्यावरून काढला, माझ्याच डाव्या पायात बांधला आणि स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत छनछन करत गेले आणि आले. बाईमाणूस, आणि तेही डाव्या पायात. हे खाटेवरून ओरडले, “काढ तो! खुळी झालीस काय?” मी म्हटलं, बघू देव मला काय करतो. देवानं काही केलं नाही. हंसाबेन मात्र धावत आल्या, त्यांना वाटलं काका नाचायला लागले. मला बघून त्या दारातच बसल्या आणि हसून हसून रडल्या. तुमचे दादाही हसले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “तुझं चालतंय गो. तू रिंगण मोडलं नव्हतंस.”

यंदा अधिक महिना आला, गणपती लांबले. मला वाटतं देवानं वेळ वाढवून दिला आहे. तुम्हीच तो वाया घालवताय.

उर्मिला


जेसल पार्क
१५ ऑगस्ट २००४

प्रिय पंढरीभावजी,

मागच्या पत्रात जे जे लिहिलं ते सगळं पाण्यात टाका. दगड शब्दासकट.

तुमचं जाड पाकीट शुक्रवारी आलं. पहिली ओळ वाचली, ‘वयनी, आदी येक सांगतो, मी समद्या वाडीला सांगितला, रागवू नको,’ आणि मी इतकी रागावले की पत्र तसंच पिठाच्या डब्यावर टाकलं आणि भांडी घासायला बसले. दोन भांडी घासली. मग हात न पुसताच पुढचं वाचलं. शाई पसरली आहे, पण अक्षर न् अक्षर लागलं.

तुमचंच बरोबर होतं. चोरून घातलेलं गाऱ्हाणं तुमच्या दादांना चाललं नसतं. ज्या वाडीसमोर चाळ सोडला त्याच वाडीनं हो म्हटलं पाहिजे होतं. तुम्ही घरोघरी फिरलात, लावणीची कामं उरकेपर्यंत थांबलात, सगळ्यांना देवळात जमवलंत. आणि मग ते गाऱ्हाणं. ‘बा देवा महाराजा, दशरथाचा डावा पाय तुज्या रिंगणात यायला मागतो, त्येला वाट दी.’ आणि सगळी वाडी म्हणाली, ‘व्हय महाराजा.’ एवढं वाचलं आणि मी मोरीतच बसून रडले. देवाच्या कोपाचं नाव एकानंही तोंडातून काढलं नाही, आणि लवूआबा, सगळ्यांत जुना नाचणारा माणूस, म्हणाले की नाचणाऱ्याचा पाय देव कशाला नेईल, त्याला नाच बघायचा नाय काय. मी किती महिने ज्या लोकांना भिऊन होते, ते हे लोक.

मी पत्र तुमच्या दादांसमोर मोठ्यानं वाचलं. गाऱ्हाण्यापाशी आले तेव्हा डोळे पुसायला त्यांनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर आला, मग उजव्यानं पुसले. मी पुढे वाचत राहिले.

‘त्याच राती लवूआबानं आपला चाळ डाव्या पायात बांधला. मंग समद्या पोरांनी. म्हंतात, यंदा आमी डाव्यानंच नाचणार, दादाला येकट्याला वाटायला नको. पन वयनी, चाल जमत नाय. गिरकीला समदी येकमेकांवर पडतात. काल दोगं तुळशीत गेले. कीबोर्ड मी बंद केलाय, त्यो त्यात वाजवताच येत नाय. दादाला इचारून कळव, डाव्यावर ठोका घेतला तर गिरकी कुटून मारायची.’

भावजी, मला वाटलं, आता हे विरघळतील. तर हे संतापले.

“अक्कल हाय काय त्यांना? डाव्यावर ठोका आणि उजवीकडं गिरकी? पडतील नाय तर काय!” म्हणाले. मी म्हटलं, मग कसं करायचं ते सांगा, मी लिहून कळवते. ते तोंडानं सांगायला लागले. मला काही कळेना. मी मुद्दाम न कळल्यासारखं केलं असं तुम्ही म्हणाल, पण खरंच कळत नव्हतं. पुन्हा सांगितलं, पुन्हा कळेना. शेवटी चिडून खाटेवरून उठले, काठी घेतली, आणि म्हणाले, “बांध.”

मी खिळ्यावरचा चाळ काढला. डाव्या पायाच्या पट्टीवरून बांधायला लागला. ते वरून ओरडत होते, घट्ट बांध, घट्ट बांध, सैल चाळ बोलत नाय.

मग त्यांनी दाखवलं. “हा बघ ठोका.” डावा पाय उचलला, थोडासाच, आणि खाली टाकला. छन्. “आता वजन ह्याच्यावर. आणि उजवा असा उचलायचा, आणि डावीकडं.” आणि त्यांनी उजवा पाय उचलला. जमिनीपासून वर. काठी हातात होती, पण तिचे पाय जमिनीला टेकले नव्हते, कारण त्याच हातानं ते मला दिशा दाखवत होते. अख्खा माणूस त्या डाव्या पायावर उभा होता. खाली बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, मला समजलं की नाही ते.

हंसाबेन दारात होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. मग उजवा पाय खाली आला, आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं आपण काय केलं. दाराची चौकट धरून उभे राहिले. बराच वेळ स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होते. मग म्हणाले, “बघत काय ऱ्हायलीस? लिव्ह त्याला.”

काल शुभदाला दाखवायला गेलो तर जमलं नाही. तीन वेळा काठीवर गेले. ती म्हणाली, काका, मला दाखवू नका, पोरांना शिकवा. समोर रिकाम्या खुर्च्या मांडून तिनं रिंगण केलं, आणि हे त्या खुर्च्यांवर ओरडायला लागले. तेव्हा जमलं. मग तिनं वजनकाटे काढले. डावीकडचा काटा हलला, भावजी. उजव्याची बरोबरी नाही, पण मी तो हलताना डोळ्यांनी पाहिला. शुभदानं माझा हात दाबला. तिच्या हाताला किती जोर आहे ते मला पहिल्यांदा कळलं.

काठी राहणार आहे. पट्टी राहणार आहे. डावा हात अजून मनासारखा चालत नाही. शुभदा असली आशा लावत नाही आणि मीही लावत नाही. पण प्रवास करा, म्हणाली. अट एकच आहे. पाखाडी चढताना एक माणूस त्यांच्या डाव्या बाजूला हवा. धरायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं शेजारी राहायचं. पाय डगमगला तर खांदा द्यायचा. मी यांना विचारलं, डावीकडे कोण राहील, सदूला सांगू का? तर म्हणाले, “सदू कशाला? तिथं पंढरी ऱ्हाईल. त्येला माजा ठोका कळतो.”

डाव्या चालीची गिरकी वेगळ्या कागदावर लिहिली आहे, त्यांनी सांगितली तशी, शिव्या वगळून. पोरांना सांगा, तुळशीपासून लांब नाचा. शालूला सांगा, खाट अंगणाकडच्या खोलीत, आणि अशी लावा की आत येणारा माणूस डावीकडून येईल. ताटात चटणी डावीकडेच वाढा. ती शोधायची त्यांना आता सवय झाली आहे.

आणि एप्रिलमधल्या तुमच्या कार्डाचं उत्तर राहिलं होतं, ते देते. चाळ पाठवत नाही. यंदा तो पायासकट येईल.

तुमची,
उर्मिलावहिनी